महिनाभर गरीब असलेली दत्तक कुत्री आता गुरगुरते, तिला धाक दाखवावा का?

तुम्ही लिहिलंय की शेल्टरमधून आणलेली दोन वर्षांची कुत्री पहिले दोन-तीन आठवडे अगदी गरीब गाय होती. आता महिना झाल्यावर ती जेवताना कोणी भांड्याजवळ गेलं की गुरगुरते, आणि तुम्ही बाहेर पडलात की दार ओरबाडते. एका ट्रेनरने 'घरात मालक कोण ते तिला दाखवून द्या' असं सांगितलं, ते करावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

करू नका. मी ते करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची चिंगीही अशीच मोठी झाल्यावर आलेली. पहिले दहा दिवस टेबलाखालून हलली नाही, भुंकली नाही, काही कुरतडलं नाही. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो, किती शहाणी आहे बघा! ती शहाणी नव्हती, भेदरलेली होती. परक्या घरी मुक्कामाला गेलेला माणूस पहिल्या रात्री उकडलं तरी उठून पंखा लावत नाही, तसलाच प्रकार. दत्तक कुत्र्यांत वावरणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ अंदाज सांगतात: सुरुवातीचे तीन दिवस भांबावलेले, तीन आठवड्यांत घराची लय कळते, तीन महिन्यांनी घर आपलं वाटायला लागतं. प्रत्येक कुत्रं हे वेळापत्रक पाळतंच असं नाही, पण तुमच्या कुत्रीचं गुरगुरणं महिन्याने सुरू झालं यात नवल नाही. ती बिघडलेली नाही, आता कुठे बोलायला लागली आहे.

आता माझी चूक. चिंगी भांड्यावर गुरगुरली की मी दरडावायचो, दोनदा भांडं उचलूनही घेतलं. आठ-दहा दिवसांत गुरगुरणं बंद. मी खूश! मग काही महिन्यांनी ती हाड चघळत असताना माझा भाचा शेजारून गेला आणि तिने आवाजही न करता थेट त्याच्या हातावर दात लावले. कातडी फाटली नाही, हे नशीब. तिची भीती होती तिथेच होती, मी फक्त धोक्याची घंटा काढून टाकली होती. वर, भांडं उचलून नेऊन 'माणूस जवळ आला की जेवण जातं' हा तिचा संशय मीच खरा करून दाखवला होता.

नंतर एका चांगल्या ट्रेनरने उलटा धडा शिकवला. चिंगी जेवत असताना ती बिनधास्त राहील इतक्या अंतरावरून जायचं, तिच्या साध्या खाण्यापेक्षा भारी काहीतरी (आमच्याकडे उकडलेल्या चिकनचा तुकडा) भांड्याच्या दिशेने टाकायचं आणि न थांबता निघून जायचं. बस, एवढंच. माणूस जवळ येतो तेव्हा काही जात नाही, मिळतं. मी यायला लागलो की ती भांड्यातून मान वर करून अपेक्षेने बघायला लागली, तेव्हाच एक पाऊल जवळ. ती घाईघाईने खायला लागली, अंग ताठ झालं, मान भांड्यावर तशीच ठेवून तिरक्या डोळ्याने बघायला लागली आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर आपण फार जवळ आलो, मागे व्हायचं. आम्हाला सात-आठ आठवडे लागले. घरात लहान मूल असेल तर त्याला या प्रयोगात घेऊ नका. कुत्रीला जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून द्या.

ही देहबोली सगळ्यात आधी शिकून घ्या, 'बस', 'थांब' नंतर शिकवता येतं. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर खाणं नसताना ओठांवरून फिरवलेली जीभ, तोंड फिरवणं, एक पाय उचलून गोठून उभं राहणं, हे सगळं गुरगुरण्याच्या आधीचं बोलणं असतं. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश, हाही गैरसमज. ताठ, उंच धरलेली शेपूट भराभर हलत असेल तर हात लांबच ठेवा.

'मालक कोण ते दाखवा' हे खूळ आलं कुठून, तेही सांगतो. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने बंदिस्त लांडग्यांवर लिहिलं. ते एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंबलेले होते, मारामाऱ्या होणारच. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या तज्ज्ञाच्या 1970 च्या पुस्तकामुळे 'अल्फा' (कळपावर हुकूम चालवणारा म्होरक्या) हा शब्द घरोघरी पोचला. पण पुढे मेकनेच रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई, बाप आणि त्यांची पोरं; सत्तेच्या लढाया जिंकून कोणी अल्फा होत नाही. स्वतःच्याच पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला होता. आणि मुळात तुमची कुत्री लांडगा नाही, ना तुम्ही.

दाराचं प्रकरण वेगळं आहे. तुम्ही नसताना मोबाइलवर चित्रण करा. निघाल्यावर काही मिनिटांतच धापा, येरझाऱ्या, लाळ, रडणं सुरू होत असेल तर तो खोडसाळपणा नाही, घाबरगुंडी आहे. परत आल्यावर ती 'अपराधी' चेहरा करते म्हणून तिला सगळं कळतं असं समजू नका. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं: कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नाही याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही, मालक रागावला की तो चेहरा यायचा.

उपाय कंटाळवाणा आहे. किल्ल्या उचला आणि परत बसा. दार उघडा, बंद करा. बाहेर पाच सेकंद, मग दहा, मग मध्येच परत तीन. ती घाबरायच्या आत परत यायचं. खरी कसरत अशी की हे चालू असताना तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. नातेवाईक, शेजारी, ज्याला म्हणून गळ घालता येईल त्याला घाला. फारच त्रास असेल तर पशुवैद्य औषध देऊ शकतात. त्यात कमीपणा काही नाही.

पशुवैद्यांकडे तसंही आधी जाच. दात, कान, सांधे दुखत असतील तर शांत कुत्रंही अंगावर येतं, आणि दुखण्यावर कुठलंच ट्रेनिंग चालत नाही.

ट्रेनर मात्र बदला. नव्याला पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारा: 'कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?' उत्तरात दोरीचा हिसका, गळा आवळणारी साखळी किंवा उताणं पाडून दाबून धरणं आलं, तर चहा पाजून निरोप द्या. 'मग मी त्याच्यासाठी काम सोपं करतो' असं म्हणाला, तर पुढच्या भेटीची वेळ लगेच ठरवून टाका.