सही करण्यापूर्वी

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका नर्सिंग महाविद्यालयाची मी प्राचार्या आहे. जर्मनीतील एका रुग्णालयाने आमच्याशी सामंजस्य करार करण्याची तयारी दाखवली आहे. यापूर्वी एका परदेशी संस्थेशी केलेला करार समारंभाच्या छायाचित्रापुढे गेलाच नाही. या वेळी तसे होऊ नये आणि हा संबंध केवळ मुली तिकडे पाठवण्यापुरता उरू नये, यासाठी काय करावे?

उत्तर : आपली दुसरी चिंता मला पहिलीपेक्षा मोठी वाटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. चेन्नईची आयआयटी 1959 मध्ये पश्चिम जर्मनीच्या मदतीने सुरू झाली, तेव्हा यंत्रसामग्रीबरोबर जर्मन प्राध्यापक इकडे आले आणि इकडचे अध्यापक प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. जर्मन विद्यापीठांशी त्या संस्थेचे नाते आजही चालू आहे, याचे मोठे श्रेय मी या येण्याजाण्याला देतो. आपणही विद्यार्थिनींच्या आधी दोन शिक्षिकांना काही आठवडे त्या रुग्णालयात पाठवावे आणि तेथील एखाद्या अनुभवी प्रशिक्षिकेला आपल्या महाविद्यालयात बोलवावे.

याचे कारण असे की, व्यवसाय एकच असला तरी त्याची हद्द दोन्ही देशांत वेगवेगळ्या ठिकाणी आखलेली आहे. आपल्याकडे रुग्णाचे अंग पुसणे, त्याला भरवणे ही कामे पुष्कळदा नातेवाईक किंवा वॉर्डातल्या मावशी करतात. जर्मनीत ती प्रशिक्षित परिचारिकेच्याच कामाचा भाग असतात. उलट सलाईनसाठी शिरेत सुई बसवणे आपल्या मुलींच्या हातचे काम असते, तर तेथे ते बहुधा डॉक्टर करतात. हे आधी कोणी सांगितले नाही, तर चार वर्षे शिकून गेलेल्या मुलीला आपल्याला खालच्या कामाला लावले असे वाटते आणि तेथील सहकाऱ्यांना ती काम टाळते असे वाटते. स्वतः तो वॉर्ड पाहून आलेल्या शिक्षिकेने समजावले, तर हा गैरसमज विमानात बसण्यापूर्वीच मिटू शकतो.

दुसरी गोष्ट पदवीच्या मान्यतेची. जर्मनीत परिचारिका म्हणून काम करायचे, तर तेथील संबंधित राज्याच्या प्राधिकरणाकडून पदवी समकक्ष ठरवून घ्यावी लागते आणि जर्मन भाषेची साधारणपणे बी-2 पातळी (युरोपीय भाषा-मोजपट्टीच्या सहा पायऱ्यांपैकी चौथी) गाठावी लागते. अभ्यासक्रमात तफावत आढळली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा वाट्याला येते, आणि मान्यता मिळेपर्यंत मुलगी सहायक म्हणूनच राबते. म्हणून त्या काळातील वेतन किती, भाषेच्या वर्गाचा खर्च कोणाचा, पूरक प्रशिक्षण कोठे होणार, हे सारे करारातच लिहून घ्यावे. भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने सोसावा, हे न्याय्य भरतीचे तत्त्व जर्मनीतही मान्य आहे. मध्यस्थ मुलींकडून पैसे मागत असेल, तर सही करू नये असे मी स्पष्टपणे सुचवीन. आपल्या गुणपत्रकांसोबत प्रत्येक विषयाच्या तासिका आणि प्रात्यक्षिकांचे तास नोंदवून देण्याची व्यवस्था मात्र आजपासूनच करावी, कारण समकक्षता ठरवताना हा तपशील मागितला जातो.

सरकारी पातळीवर चौकट तयार आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयीचा करार 2022 मध्ये झाला, आणि 2024 मध्ये महाराष्ट्राने कुशल मनुष्यबळासाठी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. रुग्णालय त्याच राज्यात असेल, तर महाराष्ट्र शासनाकडे आधी चौकशी करावी.

मागच्या कराराची प्रत काढून त्यात जबाबदार व्यक्ती, रक्कम आणि तारीख यांचा उल्लेख होता का, ते पाहावे. नव्या करारात दोन्हीकडून एकेका व्यक्तीचे पद नेमून द्यावे आणि दर तीन महिन्यांनी त्या दोघांची बैठक ठरवावी.

शेवटी, आपण काय मागावे याविषयी. जर्मनीत वृद्धांच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण 2020 पर्यंत स्वतंत्र व्यवसाय म्हणून दिले जात असे, आणि त्या ज्ञानाची गरज आज आपल्या गावांनाही आहे, कारण मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेल्याने घरी म्हातारी माणसेच उरली आहेत. या विषयाचा अभ्यासक्रम आपल्या महाविद्यालयात उभा करण्यास रुग्णालयाने मदत करावी, आणि तेथे काही वर्षे काम करून परतणाऱ्या मुलींना तो शिकवण्यासाठी आपण जागा राखून ठेवावी.