पोरगा लुगडं नेसून नाचतो

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या लोकनाट्यात बाई होऊन नाचतो. गावातले पोट्टे हसतात. थांबवू का?
— एक आई, साकोली तालुका

उत्तर : नका थांबवू, बाई. आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेत आले, मीही घेतलं. ढोलकीवर पाय पडायला लवकर जमतं. पदर सावरत गिरकी घेताना खांदा पुरुषी उचलला, की सोंग उघडं पडतं. म्हणून धान रोवणाऱ्या बायांचे हात मी तासन्‌तास पाहत असे. हसणारे पोट्टे रात्री पहिल्या रांगेत बसतात, तेही बघा! गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मंडई दिवाळीनंतर, परीक्षा फेब्रुवारीत, दोन्ही जमतं. घुंगरं मात्र उसनी नकोत, घरची घ्या.