शेवटचा 'एफ' बघा

प्रश्न : मुलगा डिप्लोमाला आहे, त्याच्यासाठी कॉम्प्युटर जुळवून घ्यायचाय. कोडिंग आणि थोडं फोटोशॉप, एवढंच काम. बजेट ३५ हजार, मॉनिटर घरचाच आहे. दुकानदार इंटेलचा आय५ १२४००एफ प्रोसेसर आणि १६ जीबीची एकच रॅम सुचवतोय. घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रोसेसर उत्तम, पण त्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ असा की आत ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, नाही. वेगळं कार्ड घेतलं नाहीत, तर मॉनिटर काळाच राहील. 'एफ' नसलेला १२४०० घ्या, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ५६००जी. दोन्हींत सहा कोअर (काम करणारे गाभे), बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), शिवाय ग्राफिक्स आतच.

रॅम मात्र ८-८ जीबीच्या दोन काड्या घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं. दोन काड्या असल्या की त्याला वाट दुप्पट रुंद मिळते. मदरबोर्डावर रॅमच्या चार खाचा असतील, तर बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या. मॅन्युअल एकदा बघाच. विंडोजसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी, म्हणजे साठवणुकीची डिस्क) पुरे.

एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कंजुषी नको. कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला माझा एक पावसाळ्यात गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. ८० प्लस ब्राँझचा (हा वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), ४५० वॅटचा घ्या. पैसे वाचवायचेच असतील, तर रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटवर वाचवा. मुलगा रुसेल, रुसू दे.