अँपचे आकडे आणि आपले कान

तुम्ही लिहिलंय की लॅमिंग्टन रोडला दोन अँप (अँप्लिफायर) ऐकले, एकाचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ, 0.001 टक्के, दुसऱ्याचं 0.1, आणि दुसराच गोड वाटला, मग ते आकडे काय चाटायचेत? माझं मत सांगतो. आवाज मोजता येतो, पण खोक्यावरच्या त्या एका आकड्यात तो मावत नाही.

आधी सांगा, दोघांचा व्हॉल्यूम जुळवला होता का? थोडासा जास्त असला तर कानाला मोठा नाही वाटत, भरदार वाटतो, मोकळा वाटतो. मी स्वतः फसलोय. महागडा अँप आणला आणि आठवडाभर सांगत सुटलो की तानपुऱ्याची जवारी आत्ता कुठे ऐकू येतेय. मग टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने जुन्या-नव्या दोघांचे व्होल्ट जुळवले, पुतण्याला पडद्यामागे बसवलं आणि तो न सांगता वायरी बदलत गेला. कोणता अँप वाजतोय ते ओळखायचं होतं, 16 पैकी 9 बरोबर आले, नाणं उडवूनही तेवढेच आले असते. फार वाईट वाटलं त्या रात्री.

आता टीएचडी (टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन), म्हणजे तोच खोक्यावरचा टक्का. त्यात सगळ्या हार्मोनिक्सची, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या जादा सुरांची, एकच गोळाबेरीज असते. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, मूळ सुरात विरघळून जातो, सातवा मात्र कोमल नीच्या जरा खाली पडतो आणि खुपतो. आकडा तोच, कानाला वेगळं. म्हणून नुसता टक्का नको, पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला हार्मोनिक किती आहे तो आलेख, बघा.

पण खरा फरक स्पीकरमध्ये असतो. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी 1980 च्या दशकात कॅनडात पडद्याआड ऐकवून तपासलं, लोकांना बहुतेक तेच स्पीकर आवडले ज्यांचा समोरचा रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात येतो ते) सपाट आणि बाजूचाही एकसारखा उतरणारा होता. म्हणजे कान आणि मोजमाप भांडत नाहीत हो, योग्य गोष्ट मोजायला हवी.

आणि आपल्या मुंबईच्या खोल्या! माझी 12 फूट लांब, म्हणजे साधारण 47 आणि 94 हर्ट्झला ती स्वतःच घुमते, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, त्यामुळे डग्ग्याचा प्रत्येक घुमारा पोटात यायचा आणि मी दोष देत होतो अँपला. सोफा दोन फूट पुढे ओढला, मग तबलजीची बोटं कळायला लागली. आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हे खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक मेझरमेंट माइक घ्या आणि बसता तिथेच मोजा. खोलीची लांबी-रुंदी आणि सोफा कुठे आहे ते इथे टाका, मग अँपचं बघू.