पुलपिटावर बाई उभी राहिली तर चालतं का?

प्रश्न: आमची मंडळी म्हणजे चर्च सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), अहिल्यानगर जिल्ह्यातलं. पाळकसाहेब आजारी होते तेव्हा माझ्या सुनेने रविवारची भक्ती चालवली, उपदेश पण केला, ती बीडी (धर्मशास्त्राची पदवी) झालेली आहे. आता कमिटीतले काही वडील म्हणतात की बायबलमध्ये संत पौलाने लिहिलंय बायांनी मंडळीत गप्प बसावं. माझी वसईची मैत्रीण म्हणते आमच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) तर बायकाच वाचन करतात. मग खरं काय? – एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, तुमच्याकडे महिला सभेत उपदेश कोण करतं? बायकाच ना? गीत निवडण्यापासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत सगळं त्याच बघतात, तेव्हा कुणाला पौल आठवत नाही, रविवारी समोर पुरुष बसले की लगेच आठवतो!

सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा देतात, त्यामुळे बाईने भक्ती चालवावी का हा प्रश्नच उरत नाही. दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडिया) तर २०१३ मध्ये नंद्याळला ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. फक्त प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी दीक्षा झालेल्यानेच करायचा, सुनेची झाली नसेल तर तेवढं थांबेल, पण मुलगा असता तरी हेच सांगितलं असतं.

वडील पौलाच्या पत्रातलं १ करिंथ १४:३४ दाखवतील, तुम्ही त्याच पत्रातलं ११:५ उघडा, तिथे तोच पौल म्हणतो की बाईने प्रार्थना करताना, संदेश देताना डोकं झाकावं, आता बोलायचंच नसतं तर पदराचा विषय निघालाच कशाला? आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या संजीवनात (धार्मिक जागृतीत) मुलीच प्रार्थना चालवायच्या, गावोगाव प्रचाराला पण जायच्या, तेही आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात.

मैत्रिणीचं चर्च वेगळं हो, कॅथलिक. वाचन तिथे बायका आधीपासून करतात, २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदंही त्यांना रीतसर खुली केली, पण मिस्सा फादरच अर्पण करणार, बायकांना धर्मगुरू करता येणार नाही हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्येच सांगून टाकलंय. म्हणजे याबाबतीत तुमचंच चर्च पुढे आहे, कमिटी मागे असली तरी.

मीटिंगमध्ये तोंडी वाद घालू नका, पाळकसाहेबांना सांगून बिशपसाहेबांकडून लेखी मागवा. आणि दीक्षेचं काय ते सुनेलाच विचारा, तिने बीडी उगाच नसेल केली.