नागपूरकडची कापसाची जिनिंग (सरकी वेगळी करणारा कारखाना) बंद पडली. बाबांच्या १९९६ ते २००८ च्या नोकरीचा पुरावा कुठे मिळेल?

मालकाच्या मागे फिरू नका, आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. पगाराची चिठ्ठी किंवा पीएफची वार्षिक स्लिप सापडली, की त्यावरचा ‘एमएच’ने सुरू होणारा नंबर टिपून घ्या. माझ्या बाबांची स्लिप सातबाऱ्याच्या घडीत निघाली, अर्धी वाळवीनं खाल्लेली, पण नंबर शाबूत होता!

यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ नंबर, २०१४ मध्ये आला, म्हणून त्याआधीची नोकरी ऑनलाइन सर्व्हिस हिस्ट्रीत दिसेलच असं नाही. जुना नंबर, आधार आणि सोबत्यांची नावं घेऊन नागपूरच्या पीएफ कार्यालयात लेखी अर्ज द्या अन् पोच घ्याच. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकार आहेच.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. जिनिंग फक्त कापसाच्या हंगामात चालते, तरी पेन्शन योजनेत हंगामी कामगाराचं ते अपुरं वर्षही पूर्ण धरतात. दहा वर्षं भरली आणि मधे पेन्शनचे पैसे काढले नसतील, तर वयाच्या ५८ नंतर पेन्शन लागू होते. तुमच्या बाबांची बारा भरतात.