भाडं १३ हजार, पडतं साडेसव्वीस हजारांना

प्रश्न : मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्यात तास नसतात, म्हणजे पैसेही नसतात. यंदा पुणे विद्यापीठातल्या एका प्रकल्पावर मे आणि जून असं दोन महिन्यांचं काम मिळालंय, मानधन महिना २८ हजार. राहण्याचे चार पर्याय आहेत. औंधला प्रकल्पातल्याच एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट, शिवाजीनगरला कॉट बेसिस (म्हणजे सामायिक खोलीत एक खाट), पाषाणला गावी जाणाऱ्या एका विद्यार्थिनीची खोली, नाहीतर हडपसरला मामेबहीण. बचत खात्यात ४० हजार आहेत. दीड लाखाची एफडी नोव्हेंबरमध्ये सुटेल. फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी ती मोडू का? घरखर्च यजमानांच्या पगारात भागतो.

उत्तर : ताई, एफडी मोडू नका. आणि फ्लॅटही घेऊ नका.

आधी फ्लॅटचं बघू, कारण तुमचं मन तिकडे ओढ घेतंय हे पत्रातून कळतं. दोघींत २६ हजार भाडं, म्हणजे तुमच्या वाट्याला १३, आणि शेजारी ओळखीचं माणूस. ऐकायला चांगलं आहे. पण तुम्हीच लिहिलंय की करार ११ महिन्यांचा, लॉक-इन (आधी सोडलं तरी भाडं द्यावंच लागतं ती मुदत) ३ महिन्यांचा, आणि एजंटला एका महिन्याचं भाडं द्यायचंय. तुम्ही जूनअखेर निघालात तरी जुलैचं भाडं सुटत नाही. म्हणजे भाड्याचे ३९ हजार, ब्रोकरेजचे निम्मे १३ हजार, करारनाम्याच्या खर्चातले निम्मे ९०० रुपये. हे झाले ५३ हजारांच्या घरात. राहणार दोन महिने, तेव्हा महिना साडेसव्वीस हजारांना पडला. मानधन आहे २८. जेवण, गॅस, गादी यातलं काहीच मी अजून धरलेलं नाही. शिवाय ७५ हजारांच्या डिपॉझिटमधले तुमचे साडेसदतीस हजार अडकणार, आणि ते परत कधी मिळतील हे मैत्रीण किती दिवस राहते आणि मालक कसा आहे यावर ठरणार.

डिपॉझिटबद्दल माझं मत जरा कडवट आहे, ते सांगून टाकतो. पुण्यात नवा आलो तेव्हा पेठेतल्या एका खोलीत मी जेमतेम अडीच महिने राहिलो. सोडताना मालकांनी रंगकामाचे म्हणून जवळजवळ निम्मं डिपॉझिट कापलं. भिंतीला मी खिळासुद्धा मारला नव्हता. तेव्हापासून थोड्या दिवसांचा मुक्काम असेल तर डिपॉझिटचा काही भाग मी खर्चातच धरतो. परत आला तर दिवाळी.

‘११ महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ असं तुमच्या मैत्रिणीला कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग मुदत दोन महिने असो की अकरा. ती जबाबदारी घरमालकाची. याची दुसरी बाजू तुमच्या उपयोगाची आहे. दोन महिन्यांचाही रीतसर करार करता येतो. मालक तयार होत नाहीत ती गोष्ट निराळी.

आता पाषाणची खोली. महिना ६ हजार, एजंट नाही, डिपॉझिट नाही. डबा धरूनही दोन महिन्यांचे १९ हजार होतात. चारही पर्यायांत पहिल्या नजरेला मलाही हाच आवडला. पण ती मुलगी ‘मालकांना सांगू नका, बहीण म्हणा’ म्हणते, तिथे मी थांबतो. तिच्या करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असणार, बहुतेक करारांत ती असतेच. पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरूच्या माहितीत तुमचं नाव नसणार. मालक एखाद्या रात्री दारात येऊन उभे राहिले तर दाखवायला तुमच्याकडे कागदाचा चिटोराही नसेल. एकच करा. तिला म्हणावं, मालकांशी माझं बोलणं करून दे. मे महिन्यात मुलं गावी जातात, खोल्या रिकाम्या राहतात, त्यामुळे ते हो म्हणण्याची शक्यता बरी आहे. लेखी संमती मिळाली तर हीच खोली घ्या आणि पुढचं सगळं विसरा. नाही मिळाली तर नाद सोडा.

मग उरतात कॉट बेसिस आणि मामेबहीण. खरा पेच इथे आहे.

मामेबहिणीकडे भाडं नाही. पीएमपी बसचा महिन्याचा पास १,५०० रुपये, आणि घरात किराण्याला ४ हजार द्यायचे असं तुम्ही ठरवलंय, ते योग्यच. दोन महिन्यांचे ११ हजार झाले. कॉट बेसिसला दोन वेळच्या जेवणासह साडेदहा हजार, म्हणजे २१, आणि डिपॉझिटमधून ‘मेंटेनन्स’ म्हणून परत न मिळणारे २. झाले २३ हजार. फरक १२ हजारांचा.

या १२ हजारांत काय मिळतं? हडपसर ते गणेशखिंडीतलं विद्यापीठ हे अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. हडपसरला अजून मेट्रो नाही, मध्ये बहुधा एकदा बस बदलायची, वर विद्यापीठ चौकातली गर्दी. जाऊन-येऊन तीन तास धरा. शिवाजीनगरहून जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. कामाचे साधारण ४५ दिवस धरले तर जवळपास १०५ तास वाचतात, म्हणजे तासाला ११५ रुपयांच्या आत. तासिकेचा दर तुम्ही पत्रात लिहिलाय, तो याच्या कितीतरी पट आहे. आणि तुम्हाला सेटचा, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या राज्य पात्रता परीक्षेचा, अभ्यास करायचाय. ती परीक्षा घेतं तेच विद्यापीठ, जिथे तुम्ही रोज जाणार. मे महिन्याच्या उन्हात बसमध्ये उभं राहून आलेल्या माणसाचा रात्री अभ्यास होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सेट झालं असतं, तर मी डोळे मिटून हडपसर म्हटलं असतं.

तेव्हा कॉट बेसिस. पण पैशाची खरी अडचण भाड्यात नाही, तारखांत आहे. मानधनाचं बिल महिन्याच्या अहवालानंतर जातं असं तुम्ही लिहिलंय. अशी बिलं कशी फिरतात ते तुम्ही तासिकांवर अनुभवलं असेलच. पहिला रुपया जुलैत येईल असं धरून चला. त्यावर १० टक्के टीडीएस कापला गेला तर ५६ हजारांतले ५०,४०० हातात येतील. उरलेले रिटर्न भरल्यावर परत मिळतील, तेव्हा रिटर्न भरायचंच. तोवर तुमच्या ४० हजारांतून २३ हजार जातील, डिपॉझिटचे साडेआठ हजार अडकतील आणि किरकोळ खर्चाला महिना साडेतीन हजार लागतील. हातात उरले दीड हजार. (दर पंधरवड्याला गावी जायचं म्हणताय, ते मी किरकोळमध्येच धरलंय. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून बसतं.)

या दीड हजारालाही एक भोक आहे. वसतिगृह किंवा पीजीच्या भाड्याला जीएसटीतून सूट मिळते ती महिना २० हजारांपर्यंत, आणि मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा असेल तर. तुमचे दिवस साठच. मालकाची जीएसटी नोंदणी असेल तर ५ टक्के, म्हणजे १,०५० रुपये, बिलात चढू शकतात. पैसे द्यायच्या आधी ‘सगळं धरून किती?’ असं विचारा आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. दुसरं, एक महिन्याच्या नोटिशीची अट आहे ना? मग सोडण्याची तारीख पहिल्याच दिवशी लेखी द्या. आणि डिपॉझिट जूनच्या भाड्यात वळतं करून घ्या. जूनच्या मध्यापासून प्रवेशाची गर्दी सुरू होते, तुमची कॉट त्यांना हवीच असते, त्यामुळे घासाघीस करायला तुमची बाजू पडती नाही.

तरीही हात आखडला तर एफडी मोडायची नाही, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तिच्या तारणावर लागतील तेवढेच पैसे उचलायची सोय, घ्यायचा. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज लागतं, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतं. १० हजार महिनाभर वापरले आणि दर ९ टक्के धरला, तर ७५ रुपये. मुदतीआधी एफडी मोडली तर बँक दरात कपात करते, आणि फुटकळ कामासाठी मोडलेली एफडी परत होत नाही, हा माझा गिऱ्हाइकांचा अनुभव. अंबाजोगाई सोडण्याआधी शाखेत जाऊन ही सोय करून ठेवा. पुण्यातून फोनवर ती होता होता जून उजाडेल.

जाण्याआधी प्रकल्पप्रमुखांना एक अर्जही करा. उन्हाळ्यात विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा निदान पहिले तीन-चार दिवस अतिथिगृहात सोय होते का ते विचारा. झाली तर कॉट डोळ्यांनी बघून घेता येईल. नळाला पाणी किती वाजता येतं आणि दार रात्री किती वाजता बंद होतं, हे फोटोत दिसत नाही.

मामेबहिणीला वाईट वाटेल म्हणून तुम्ही काळजीत आहात. तिच्याकडे रविवारी जेवायला जा. त्या दिवशी संध्याकाळी तशीही मेस बंद असते.